शाल, नारळ आणि माझा हलणारा पाय

आमच्या माजलगावात काम अडलं की माणूस दोन गोष्टी करतो. शाल-नारळ आणतो आणि बोलणारं माणूस सोबत घेतो. काम विजेच्या मीटरचं असो नाहीतर पोरीला शाळेत ठेवून घ्यायचं. मीही तेच केलं.

मुलगी तेव्हा दुसरीत होती. आमचं पाइप-व्हॉल्वचं दुकान. ती दुकानात आली की गिऱ्हाइकानं मागितलेली वस्तू आधी तिच्या हातात जायची. वर्गातही तसंच. लिहिता लिहिता उठायची, खिडकीशी जायची, रस्त्यावर ट्रॅक्टर दिसला की साऱ्या वर्गाला कळवायची. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, एडीएचडी आहे. लाडानं बिघडलेली नाही, मुद्दाम करत नाही. तिचं लक्ष एका जागी ठरत नाही आणि अंगही ठरत नाही. समजून घेतलं तर छान शिकेल. ते ऐकून आमची मंडळी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मी तिला धीर द्यायचा सोडून समोरच्या दुकानात तोट्यांचा भाव विचारून आलो.

आम्ही हे शाळेत सांगायच्या आधीच मुख्याध्यापकांचा निरोप आला. बाकीच्या पालकांच्या तक्रारी आहेत, दिवाळीनंतर दुसरी शाळा बघा. वर्गाच्या मॅडम म्हणजे पोरीचा जीव. तिनं एवढंच विचारलं, "मग मॅडम पण तिकडं येणार का?"

मी उठून बाजारात गेलो. शाल आणली.

सोबत मंडळी होतीच, चुलत्यांनाही घेतलं. ते बोलायला उभे राहिले की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार होतो. निघताना मंडळी म्हणाली, "अवो, डाक्टर काय म्हणले तेवढं सांगा की. शाल कावून पायजे?"

"तुला न्हाई कळायचं," मी म्हणालो.

ऑफिसात मुख्याध्यापक आणि मॅडम होत्या. चुलत्यांनी सरांना शाल पांघरली, नारळ दिला आणि शिक्षणावर बोलायला लागले. धरण, त्यांची जुनी सायकल, मास्तरांची छडी, सगळं येऊन गेलं. सत्कार झाल्यावर सरांनाही उत्तरादाखल बोलणं भाग होतं. तेही बोलले. मग मी उठलो. सुरुवात मी पोरीपासूनच केली होती, देवाशप्पथ. पण डोक्यावर पंखा कुरकुरत होता. "सर, ह्याचं बेअरिंग गेलंय," मी म्हणालो. तिथून शाळेच्या टाकीच्या गळक्या व्हॉल्ववर आलो आणि तिथून उसाच्या ठिबकवर. चुलत्यांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "छान! येत चला." आणि सगळे उठले.

पोरीचा विषय राहूनच गेला होता.

मंडळी मात्र उठली नाही. "सर, बसा जरा. आमी पोरीसाठी आलोत." मग डॉक्टरांचं म्हणणं तिनं न अडखळता सांगितलं.

"सगळं खरं, ताई," सर म्हणाले, "पण एकीसाठी अख्खा वर्ग कसा थांबवू?"

मॅडम इतका वेळ माझ्या पायाकडे बघत होत्या. शिलाई मशीन चालवावी तसा तो खुर्चीखाली हलत होता. हातात सरांचा पेपरवेट होता, तो मी कधी उचलला ते मलाच ठाऊक नाही. त्यांनी मंडळीला हळूच विचारलं, "ताई, घरात आणखी कुणी असं आहे का हो?"

मंडळीनं माझ्याकडे बघितलं. चुलत्यांनी बघितलं. सरांनीही शाल सावरत बघितलं.

"हायत की," ती म्हणाली.

"मग यांच्याकडून कामं कशी करून घेता?"

लग्नापासून तिला हे कुणी विचारलंच नसावं. ती जी सुटली! "दोन कामं एकदम सांगत न्हाई. एक सांगते, आन जायच्या आदी वदवून घेते. दुकानात रस्त्याकडं पाठ करून बसवलंय, न्हाईतर येणाऱ्या-जाणाऱ्या म्हशी बघत बसतेत. लई येळ बसले की मीच उठवते, जा, पाइप मोजून या म्हणते. आन वरडून काईच व्हत न्हाई. वरडलं की ऐकायचंच बंद व्हतंय."

खुर्ची ऊन टाळायला फिरवलीय असं मी इतकी वर्षं समजत होतो.

"आन आमी तुला नुसतं बडवलं बे," चुलते म्हणाले. आवाजात हसू होतं, पण नजर नारळावर होती.

मॅडम सरांकडे वळल्या. "सर, एवढंच तर करायचंय. माझ्या टेबलाजवळ बसवते, खिडकीपासून लांब. एका वेळी एकच काम देते. मधे फळा पुसायला उठवते. वर्ग कशाला थांबतोय?"

"आणि पालक आले तर?"

"माझ्याकडं पाठवा."

सरांनी शाल काढली आणि सावकाश घडी घातली. "बरं. वर्ष तर पूर्ण होऊ द्या."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. डबा अजूनही शाळेतच राहतो. एकदा उत्साहाच्या भरात तिनं सरांनी लिहिलेला सुविचारही पुसला. मॅडमही एखाद्या दिवशी वैतागल्या असतील, पण तिला खिडकीकडे परत धाडलं नाही. जूनमध्ये पोरगी त्याच शाळेत तिसरीत बसली आणि वर्गाबरोबर मॅडमही वर आल्या.

आता शाल मॅडमना द्यायची, असं मी ठरवलं. मंडळी म्हणाली, "शाल न्हाई, भाषण न्हाई. एक वाक्य."

शाळेच्या फाटकात पोरीनं माझा हात धरून थांबवलं. "पप्पा, सांगा बघू, काय बोलायचंय?"

"मॅडम, तुमच्यामुळं आमची पोरगी ह्या शाळेत राहिली."

"परत एकदा."

परत म्हटलं. आत गेल्यावर मॅडमसमोरही तेच म्हटलं, एक शब्द न चुकता. त्यांचे डोळे भरले. माझेही भरले, म्हणून मी वर बघितलं. तिथं पंखा होता.

"मॅडम, हा पंखा..."

पोरीनं बाही ओढली. "पप्पा, झालं. चला."