पिठावरच्या तीन रेघा

आमच्यात वाटणी पक्की होती. विमान दादानं बांधायचं आणि मी उडवायचं. थोरला भाऊ असूनही रिमोट हातात घेतला की त्याचे अंगठे थरथरायचे. आणि मला स्क्रू पिळायचा म्हटलं की पहिल्या मिनिटाला राग येतो. म्हणून त्याच्या शनवारा मोहल्ल्यातल्या घरी किट उघडलं जायचं आणि निंबोल्याच्या आमच्या शेतातल्या गाडरस्त्यावर ते उडायचं. दोघंही कागद कारखान्यातून निवृत्त झालेलो. आमचं हे खूळ बघून नातेवाईक हसायचे, हसोत बापडे.

लँडिंग गिअरला, म्हणजे चाकं आणि त्यांच्या पट्टीला, दादा 'पाय' म्हणायचा. पाय सगळ्यांत शेवटी लावायचे, हा त्याचा नियम. ''पाय फुटले की ते घरचं राहत नाही,'' म्हणायचा.

शेवटच्या विमानाचे पाय लावायचे राहिले. पंख जोडलेले, मोटर बसवलेली, आणि एका दुपारी टेबलावरून उठताना दादा खिडकीखाली कोसळला तो उठलाच नाही. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा सगळं संपलं होतं.

आमच्याकडे माणूस जिथे जातो तिथे त्या संध्याकाळी पणती लावतात. शेजारी ज्वारीचं पीठ पसरतात आणि त्यावर डालं, कोंबड्या झाकायची मोठी टोपली, उपडं घालतात. सकाळी डालं उचलून बघायचं, पिठावर कशाचं पाऊल उमटलंय. ज्याचं पाऊल, तो पुढचा जन्म. माझा यावर काडीचा विश्वास नाही. पण अशा वेळी भांडायचं कुणाशी?

सकाळी डालं उचललं तर पाऊल नव्हतं. रेघा होत्या. वीतभर अंतरावर दोन आणि त्यांच्या मधे एक आखूड. शेजारची म्हातारी बराच वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, ''सरपटनारं हाये बाई. येक येताना, येक जाताना. मंधली शेपटाची.''

वहिनीनं मोबाइलवर फोटो काढला आणि पीठ भरून नदीत सोडायला दिलं. मी रागाच्या भरात तिकडे धड पाहिलंही नाही.

साप साप म्हणून भुई धोपटायची आपली खोडच आहे, असं म्हणून मी विषय सोडला. वहिनीनं नाही सोडला. दादाच्या खोलीच्या उंबऱ्याशी रोज बशीत दूध दिसायला लागलं. ती चालताना पायाखाली बघून चालायची, बोलताना जमिनीकडे बघून बोलायची. तिची मुलगी तिला न्यायला आली तर ती गेली नाही. ''ह्यांना असं टाकून कसं जाऊ? आता तर पायबी नाई त्यांना,'' म्हणाली. मुलगी रडत परत गेली. दूध मात्र रोज संपायचं. मांजर पीत असणार, दुसरं कोण? मी एकदा मांजर शोधायला गच्चीवर चढलो, गल्ली धुंडाळली. मांजर काही दिसलं नाही.

वहिनी वाळत चालली होती. तिनं एकदा तरी मान वर करावी, एवढंच मला हवं होतं. आकाशात बघायला लावणारी एकच वस्तू त्या घरात होती. एका दुपारी मी दादाच्या खुर्चीवर बसलो आणि ड्रॉवरमधून पायांचं पाकीट काढलं. चारी बाजूंनी चिकटवलेलं, कारखान्यातून निघालं तसं. कात्री सापडेना म्हणून दातांनी फाडलं. आत वाकवलेली ॲल्युमिनियमची पट्टी, दोन काळी चाकं, शेपटाखालचं एक चिमुकलं चाक आणि स्क्रू. चाकांना पिठाचा बारीक वास येत होता. नवीन रबराचा वास तसाच असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पट्टी पोटाखाली बसवली, चाकं चढवली, स्क्रू आवळले आणि विमान जमिनीवर उभं केलं. ते सावकाश पुढे झुकलं आणि नाक टेकून राहिलं, शेपूट वर करून. उचलून दुसरीकडे तोंड करून ठेवलं. जुन्या घराची फरशी, उताराची. ते हळूच फिरलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून वाकलं. पीठ पसरलं होतं त्याच जागेकडे.

वहिनी उंबऱ्यात उभी होती. ''भाऊजी, पाया पडून राह्यलं ते.''

''चूक झालीय माझी, दुसरं काही नाही,'' मी ओरडलोच. चूक खरंच होती. पट्टी उलटी बसली होती. पाय मागे कलले की सगळा भार नाकावर येतो. ते पुढे कललेले हवेत. हे दादानं मला शंभरदा सांगितलं असेल आणि मी शंभरदा जांभई दिली असेल. पट्टी फिरवून लावताना मी खिडकीकडे पाठ करून बसलो. भीती वाटत होती, आता लपवून काय करू?

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला जबरदस्तीनं रिक्षात बसवून निंबोल्याला नेलं. गाडरस्त्यावर बोटभर मऊ धूळ होती, दोन्ही बाजूंना केळीची पानं स्तब्ध. वारा अजिबात नव्हता. विमान ठेवलं, रिमोट घेतला, मोटर सुरू केली. ते धावलं, शेपूट उचललं आणि सुटलं.

''वहिनी, वर बघा!''

ती वर बघत नव्हती. ती धुळीत उकिडवी बसली होती, मोबाइल हातात धरून. ''भाऊजी, हिकडं या.''

मला विमानावरची नजर काढता येईना. एक फेरी मारून विमान कसंबसं उतरवलं आणि तिच्याकडे गेलो. धुळीत तीन रेघा होत्या. वीतभर अंतरावर दोन, मधे एक. मधली लवकर संपली होती, कारण शेपूट आधी उचलतं. बाजूच्या दोन आणखी हातभर पुढे गेल्या होत्या, पुसट होत होत संपल्या होत्या. पुढे कोरी धूळ.

तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. मी तो फोटो पहिल्यांदा नीट पाहिला. मधली रेघ आधी संपलेली. बाजूच्या दोन पुढे जाऊन पुसट झालेल्या. पुढे कोरं पीठ.

ते पाकीट मी दातांनी फाडलं होतं. डालं उचललं त्या सकाळी ही चाकं आत बंद होती.

''सापाची रेघ अशी मधीच नाई संपत,'' वहिनी म्हणाली. मग उठून ती विमान उतरलं होतं तिथवर चालत गेली. तिथल्या धुळीत परतीच्या रेघा ठसठशीत उमटल्या होत्या. त्या तिनं पाहिल्या, पुन्हा फोटो पाहिला, बोटांनी मोठा करून कडेपासून कडेपर्यंत पाहिला.

''हे वापस आलं,'' ती म्हणाली. ''ते नाई आले.''

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं मान वर केली. आकाशात काहीच नव्हतं, तरी ती बराच वेळ बघत होती. मीही बघत होतो.

घरी आल्यावर तिनं उंबऱ्यावरची बशी उचलून घासली आणि मुलीला फोन लावला. बशीत सकाळचं दूध तसंच होतं.