गुडघ्याखालचं टेंगूळ

तेराव्या वर्षी मी मुलुंडला शाळेच्या टीममध्ये खो-खो खेळायचे. गुडघ्याखाली टेंगूळ आलं होतं, उकिडवं बसलं की कळ यायची, पण टीममधून काढतील म्हणून मी कुणाला सांगितलंच नाही. शेवटी तिरकी होऊन जिना उतरताना आईने मला पाहिलं.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "उंची वाढतेय ना, तिथलं हाड अजून कोवळं आहे. त्यावर ताण आलाय. काही महिने धावणं बंद."

"पण शनिवारी फायनल आहे!" मी म्हटलं.

"बघायला जाऊ," आई म्हणाली.

शनिवारी मला एका जागी बसवेना. मैदानाच्या कडेने येरझाऱ्या घालत मी ओरडत राहिले. आम्ही हरलो. आईची चूक नव्हती हे कळत असूनही घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. वर्षभराने दुखणं थांबलं आणि मी परत खेळायला लागले.