शिजण्याआधीची पेज

चिमणाबाई उंचीला इतक्या कमी, की रंगनाथरावांच्या स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी ओट्याजवळ एक लाकडी पाट कायम ठेवलेला असतो. त्यावर उभ्या राहून त्या अकरा वर्षं त्या घरचा नाश्ता बनवत आहेत. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून द्राक्षांच्या कामाला आल्या आणि नाशिक रोडलाच राहिल्या. बोलणं मोजकं, पण एकदा सांगितलेलं विसरणं नाही.

पहिल्याच दिवशी रंगनाथरावांच्या पत्नी शुभांगीवहिनींनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, देवघराला हात लावायचा नाही. दुसरी, काकांना इन्सुलिनची सुई असते; कधी घाम फुटून हात कापायला लागले तर त्यांना विचारत बसायचं नाही, गोड काहीतरी पोटात घालायचं. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली. पहिली गोष्ट चिमणाबाई रोज पाळत होत्या. दुसरीची वेळ कधी आली नव्हती.

रंगनाथराव आमचे शेजारी. नोटांच्या छापखान्यात चौतीस वर्षं तपासणीचं काम केलेले, त्यामुळे सकाळसुद्धा आखलेली. साडेसातला सुई, मग पूजा, देवापुढे छोट्या वाटीत साखर, आणि आठ वाजता ओट्स. चपटे ओट्स पाच मिनिटांत शिजायचे. चिमणाबाई ते दुधात घालून द्यायच्या आणि रंगनाथराव औषधासारखे गिळायचे.

गेल्या जानेवारीत त्यांची मुलगी प्रतिभा पुण्याहून आली. वडिलांच्या रक्तातली साखर वाढलेली पाहून तिने साखर, गूळ, बिस्किटं, शेव, सगळे डबे रिकामे केले. फ्रिजवर आहाराचा तक्ता चिकटवला आणि जाताना नवं पाकीट ठेवलं, स्टील कट ओट्सचं. लापशीच्या रव्यासारखे भरड, कडक तुकडे. रंगनाथरावांनी भिंग घेऊन त्यावरचे सगळे आकडे वाचले. शिजायला अर्धा तास लागतो, ही ओळ मागे घडीखाली होती. तेवढी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला त्यांनी सुई घेतली. आदल्या रात्री पोट जड वाटलं म्हणून नुसतं ताक प्यायले होते. आठला पाच मिनिटं असताना चिमणाबाईंनी ओट्स चढवले. आठ वाजता चमच्यावर दाणा घेऊन दाबला, तर खडा. अजून पाच मिनिटं, असं त्यांनी सांगितलं. पुन्हा दाबला. खडाच. त्यांनी आपल्या पिशवीतली नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी पुढे केली. तक्त्यात भाकरी नाही, म्हणून रंगनाथरावांनी ती सरकवून दिली आणि ते चमचा धरून टेबलाशी बसून राहिले.

सव्वाआठला ते एकदम करवादले. “अकरा वर्षं झाली, चिमणाबाई. तुम्हाला साधे ओट्स शिजवता येत नाहीत?”

अकरा वर्षांत असा शब्द त्यांनी काढला नव्हता. चिमणाबाईंना राग यायला हवा होता. पण त्यांची नजर रंगनाथरावांच्या ओठावर गेली. जानेवारीच्या थंडीत तिथे घामाचे थेंब जमले होते, आणि हातातला चमचा ताटलीवर आपोआप वाजत होता.

त्यांनी एकेक डबा उघडला, सगळे रिकामे आहेत हे माहीत असूनही. धावत जाऊन आमची बेल वाजवली. आमच्या दाराला कुलूप होतं. आम्ही फिरायला गेलो होतो, याची मला अजून टोचणी आहे. खाली दुकानापर्यंत तीन मजले. तोवर त्यांना एकटं सोडायचं? त्या परत आल्या तेव्हा रंगनाथरावांची मान किंचित कलली होती.

चिमणाबाईंनी पाट उचलला, भिंतीवरच्या देवघराखाली ठेवला आणि वर चढल्या. देवापुढची साखरेची वाटी घेतली, मागची नैवेद्याच्या साखरेची डबीही घेतली; प्रतिभाचा हात तिथवर गेला नव्हता.

पण चमचाभर साखर तोंडाजवळ नेली तर रंगनाथरावांनी दात घट्ट मिटले. “साखर नको,” एवढंच जड जिभेने म्हणाले. “ओट्स द्या.”

पातेल्यात दाणे अजून कच्चेच होते. मात्र वीस-पंचवीस मिनिटं उकळून वरचं पाणी दाट, पांढुरकं झालं होतं. पाड्यावर पोरं भुकेली झाली आणि दाणा शिजायचा असला, की आधी वरची पेज काढून देतात. चिमणाबाईंनी दोन पळ्या पेज काढली, सगळी साखर तीत विरघळवली, आणि या वाटीतून त्या वाटीत ओतत निववली.

“काका, हे तुमचे ओट्सच हायेत. पातळ हायेत. घ्या.”

ते घोट घोट प्यायले. चिमणाबाई त्यांचं मनगट धरून उभ्या राहिल्या. पाच मिनिटं गेली, चमचा वाजतच होता. आणखी थोड्या वेळाने तो थांबला. रंगनाथरावांनी मान वर केली, वाटीकडे पाहिलं, मग देवघराखालच्या पाटाकडे.

चिमणाबाई म्हणाल्या, “काकूंनीच दोन्ही सांगितलं होतं, देवाचं आणि माणसाचं. माणसाचं ते आधी केलं.”

रंगनाथरावांनी उठून पाकीट आणलं, घडी उलगडली, भिंग लावलं. “चूक माझी आहे. ओळ वाचायची राहिली.” चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला हे वाक्य सोपं नव्हतं. फोनवर प्रतिभा आधी वडिलांवर चिडली, मग बराच वेळ रडली.

आता रंगनाथराव रात्री ओट्स भिजत घालतात. सकाळी चिमणाबाई ते निथळून चमचाभर तुपावर खमंग वास सुटेपर्यंत परततात, चौपट आधण घालतात. आधी पेज निघते. तिच्यात ताक, मीठ, चिमूटभर जिरेपूड. राहिलेल्या दाण्यांना लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि शेंगदाण्यांची फोडणी. रंगनाथराव आता गिळत नाहीत, चावून खातात, कधी कधी पुन्हा मागतात. सुईची वेळही डॉक्टरांना विचारून बदलली आहे. चिमणाबाई दाणा बोटांत चिरडतात आणि हाक मारतात, त्याआधी सुई बाहेर निघत नाही.

मध्यंतरी सुतार बोलावून रंगनाथरावांनी देवघर हातभर खाली घेतलं. आता पूजेला वाकावं लागतं, गुडघे दुखतात. मी कारण विचारलं.

“चिमणाबाईंचा हात पोहोचायला हवा,” म्हणाले.