वरच्या मजल्यावरचा डबा

मला मिटिंगांचा मनापासून कंटाळा आहे. चार माणसं जमली की तिघं बोलतात आणि चौथा चहा किती सांगू म्हणून विचारत बसतो. पण अंबरनाथच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत मालिनीने बोलावलं की मी हातातलं काम टाकून जायचो. ती बाई मुद्द्याचं बोलायची आणि खळखळून हसायची.

तिचा गाळा माझ्या शेजारचा. तिचे वडील सोमाकाका यांचं आयुष्य लेथ मशीनवर गेलेलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी गाळा लेकीच्या हाती दिला आणि स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसले. तिथूनच ओरडायचे, "मालिनी, टूल बोथट झालंय!" बहुतेक वेळा टूलला काहीही झालेलं नसायचं. ओरडायला मिळालं म्हणून काका मात्र खूश असायचे.

आम्ही सगळे गाळेवाले एका मोठ्या कंपनीसाठी विमानाचे बारीकसारीक भाग करायचो. मालिनीकडे बुश होत्या, म्हणजे विमानाच्या दाराच्या बिजागरीत बसणाऱ्या छोट्या नळ्या. माल तपासायला कंपनीचा इन्स्पेक्टर यायचा, आणि दिवाळीला त्याच्या घरी आमच्याकडून सुक्या मेव्याचे बॉक्स जायचे. बॉक्सबरोबर पाकीट. मागत कोणी नव्हतं, देत सगळे होते. शेजाऱ्याने दिलं आणि आपण नाही दिलं तर आपला माल अडेल, एवढ्या भीतीवर ही रीत वर्षानुवर्षं चालली होती.

२००७च्या दिवाळीआधी मालिनीने आम्हाला चहाच्या टपरीमागे गोळा केलं.

"कमळाकरदादा, मला एकच सांगा," ती मला म्हणाली. "गेल्या वेळी माझा माल पास झाला. तेव्हा बुश पास झाल्या की बॉक्स पास झाला?"

मी चहा किती सांगू म्हणून विचारलं.

"बाबांनी जन्मभर मशीन चालवलं, त्यांनाही हे कधी कळलं नाही. मला कळायला पाहिजे. या वेळी कोणीच काही पाठवायचं नाही. एकट्याने बंद केलं तर तो मरतो. सगळ्यांनी बंद केलं तर कोणाकोणाला अडवतील? आणि अडवलंच कोणाला, तर आपल्यातलं काम त्याला देऊन त्याचा गाळा चालू ठेवू."

उल्हासनगरचा टेकचंद डोकं खाजवत म्हणाला, "दीदी, बात एकदम बरोबर आहे. लेकिन कोई चुपके से देगा तो?"

म्हणून शपथा झाल्या. टेकचंदने झूलेलालची घेतली, मी शिवमंदिरातल्या महादेवाची, मालिनीने बाबासाहेबांची. पुढे आठवडाभर आम्ही एकमेकांवर असा डोळा ठेवला की पोलिसांनी शिकावं. टेकचंदच्या स्कूटरवर मिठाईचा बॉक्स दिसला तसा मी पाठलाग करत थेट उल्हासनगर गाठलं. तो सासुरवाडीला चालला होता. त्याच्या सासूने मलाही जेवायला बसवलं, आणि मी लाज गुंडाळून जेवलो.

दिवाळी कोरडी गेली. सगळ्यांनी शब्द पाळला. आणि मग घोळ घातला तो मालिनीनेच.

बदलापूरला तिच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं होतं. त्या घरची अक्षदावहिनी ओळख करून घ्यायला फराळाचा स्टीलचा डबा घेऊन खाली आली. मालिनीकडे दिवाळी करत नाहीत, पण घरी आलेल्या चकलीला नाही म्हणण्याइतकी ती कडक नाही. सोमाकाकांनी तर चिवडा तिथल्या तिथे संपवला. गप्पा रंगल्यावर मालिनीने विचारलं, "तुमचे मिस्टर कुठे असतात?"

मिस्टर म्हणजे जुन्याच्या जागी कंपनीने पाठवलेले आमचे नवे इन्स्पेक्टर दळवी साहेब निघाले! पुढच्याच आठवड्यात ते मालिनीचा माल तपासायला येणार होते.

दुसऱ्या दिवशी टपरीमागे ती तो रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली. तिचा चेहरा बघवत नव्हता. "शेजारणीचा डबा रिकामा कसा पाठवू? आणि भरून पाठवला तर मीच घातलेली शपथ मोडते. मग पास झाले तरी कशामुळे ते मला कधी कळणार नाही."

"तो वापस ही मत कर," टेकचंद म्हणाला.

"वा रे वा!" मी उखडलो. "म्हणजे इन्स्पेक्टरच्या घरचा डबा आपणच खाल्ला असं होईल. आजवर आपण त्यांना देत होतो, आता त्यांच्याकडून घेणार?"

यावर अशी हमरीतुमरी झाली की चहा गार झाला. शेवटी खुर्चीसकट टपरीमागे येऊन बसलेले सोमाकाका म्हणाले, "आमच्या लहानपणी घरात काही नसलं की आई डब्यात चिमूटभर साखर टाकायची. डबा रिकामाही जात नाही न् भरलेलाही जात नाही."

टपरीवाल्याकडूनच साखर घेतली. चिमूट मालिनीची, साक्षीदार आम्ही सगळे. संध्याकाळी बदलापूरच्या त्या जिन्यावरून आमची वरात वर गेली. अक्षदावहिनीने दार उघडलं आणि एवढी माणसं बघून आधी नवऱ्यालाच हाक मारली. दळवी साहेब बनियनवर बाहेर आले. मालिनीने काही न लपवता सगळं सांगून टाकलं, शपथेसकट.

साहेबांनी डबा उघडला, साखरेकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मापात आहे."

अक्षदावहिनी इतकी हसली की शेजारची दारं उघडली. आम्हाला चहा मिळाला. तो पिऊ की नको म्हणून आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो, तेव्हा मालिनी म्हणाली, "प्या हो, तीच साखर घातलीय त्यात."

पुढच्या आठवड्यात साहेब तिच्या गाळ्यात आले तेव्हा मात्र हसले नाहीत. एकेक बुश मापून पाहिली. दोन बाजूला काढल्या आणि म्हणाले, "या पुन्हा करा, कड खरबरीत आहे." मालिनीने बोट फिरवून पाहिलं. कड खरोखरच खरबरीत होती. बाकी सगळा माल पास.

साहेब गेले. आमची सगळ्यांची कामं बंद पडली होती, सगळे तिच्या दाराशी उभे होतो. मालिनीने त्या नापास दोन बुश मुठीत घट्ट धरल्या होत्या, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतकी आनंदी बाई मी आयुष्यात पाहिलेली नाही.

"बाबा, बुश पास झाल्या! बुश!"

सोमाकाकांनी खुर्चीतच मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, म्हातारा रडतोय. पण ते हसत होते, पोट धरून.

"काय झालं, काका?" मी विचारलं.

"अरे कमळाकर, हिला मशीन कोणी शिकवलं? मीच ना?" काका डोळे पुसत म्हणाले. "म्हणजे माझापण माल चांगलाच होता की रे! जन्मभर उगाच काजू वाटले मी!"