पाय टेकला की मार्क गेला

फटफटीच्या मडगार्डखाली चिखल साचतो, तसे आमच्या टोळीचे किस्से साचले आहेत. एक खरवडून काढावा, तर त्याच्यामागे दुसरा वाळून बसलेला! कुणी विचारलं की मी सांगतो. नाही विचारलं तरी सांगतोच. मास्तरकीची सवय, दुसरं काय!

टोळी चौघांची. फटफटीचे मालक बाळासाहेब, चिखलीजवळच्या एका खेड्यातल्या मोठ्या शेतकऱ्याचे एकुलते एक चिरंजीव. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा थेट नागपूर गाठून त्यांनी ही आणली. दुसरा संपत हवालदार. तो त्याच युद्धात फटफटीवरून टपाल पोचवून धडधाकट परत आलेला. तिसरा रघू मिस्त्री, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातला. आणि चौथा मी, चिखलीच्या शाळेतला मास्तर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला होता आणि पेट्रोल कुपनावर मिळायचं.

बाळासाहेबांच्या वडिलांना, म्हणजे आबांना, हे यंत्र बघताक्षणी नावडलं. पण लेकाचा जीव तिच्यात अडकलेला. मग आबांनी तिला सालदाराचा कायदा लावला. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गड्यांचं साल संपतं.

"अखजीपर्यंत ठेवतो," आबा म्हणाले. "कामाची निंघाली तं राहीन. नाही तं दुसऱ्या दिवशी मलकापूरले नेऊन इकतो!"

तेव्हापासून अखजीचं नाव काढलं की बाळासाहेब ताटावरून उठून फटफटी पुसायला लागायचे.

* * *

खेळ आणला हवालदाराने. पलटणीतल्या गोऱ्यांचा खेळ. दगडाधोंड्यांतून, नाल्यातून फटफटी काढायची, पण पाय जमिनीला टेकवायचा नाही. पाय टेकला की एक मार्क गेला. गाडी थांबली की पाच!

"किती जोरात जा लागते?" रघूने विचारलं.

"जोरात नाही बे, हळूच जा लागते. जितकं हळू तितकं बेस."

रघूने डोकं खाजवलं. "हळूच जायचं तं मंग बैल काय वाईट होता?"

 पण कुपनावरच्या पेट्रोलमध्ये परवडेल असा खेळ हाच! मार्क कापायचं काम अर्थात एकमताने माझ्याकडे आलं. मी पाटी आणि खडू घेऊन नाल्याच्या काठावर बसू लागलो.

* * *

हवालदाराचा पहिला धडा म्हणजे बसायचं नाही. दोन्ही पायदानांवर उभं राहून चालवायचं, म्हणजे तोल राहतो. बाळासाहेबांनी सराव म्हणून भर बाजाराच्या दिवशी चिखलीतून उभ्याने फटफटी नेली. ताठ मान, फेटा, नजर समोर.

बाजारातली माणसं भराभर बाजूला झाली. काहींनी तर रामराम घातला. पण भाजी विकणाऱ्या एका म्हातारीला राहवलं नाही. ती कळवळून ओरडली, "अरे बापू, गळू झालं काय रे? कडुलिंबाचा पाला बांध!"

त्यानंतर महिनाभर बाळासाहेब बाजारातून बसूनच गेले.

* * *

दुसरा धडा हवेचा. चाकात हवा कमी ठेवली की रबर दगडाला धरून चालतं. हवालदाराने सकाळभर खपून, अंगठ्याने दाबून दाबून हवा अगदी मापात आणली. मग आम्ही गाडी सायकल दुकानासमोर लावून चहाला गेलो.

चहा पिऊन नाल्यावर पोचलो. बाळासाहेब पहिल्याच धोंड्यावर चढले आणि चेंडूसारखे उडून बाभळीत पडले! मी नियमाप्रमाणे पाच मार्क कापले. काटे काढायला तासभर लागला.

परतताना सायकलवाला हसतमुखाने रस्त्यातच आडवा आला. "बाळासाहेब, तुमच्या दोनी चाकांत हवाच नोहती! म्या टिच्च भरून देल्ली. राहू द्या, राहू द्या, पैशे नाही घेत म्या!"

एवढ्या चांगल्या माणसाला शिवी तरी कशी द्यावी? बाळासाहेबांनी बाभळीच्या ओरखड्यांनी भरलेले हात जोडले.

* * *

नाल्यातून रांगत जायचं तर गाडीला जोर हवा, वेग नको. म्हणून रघूने मागच्या चाकाचं दातेरी चक्र काढून त्याच्या दीडपट मोठं बसवलं. जिनाच्या भंगारात सापडलं होतं म्हणे. फटफटी आता भिंतसुद्धा चढेल अशी झाली. फक्त सपाट रस्त्यावर ती इंजिन फाटेस्तोवर बोंबलायची आणि माणसाच्या चालीने जायची!

बुलढाण्याच्या रस्त्यावर मी मागे बसलो होतो. एक टांगा आमच्या शेजारी आला. टांगेवाल्याने लगाम खेचला, बराच वेळ आमच्या बरोबरीने चालला, मग अदबीने म्हणाला, "मास्तर, घाई असन तं इकडं या. त्याहीले येऊ द्या मांगून!"

मी गेलो. खोटं कशाला सांगू, शाळा तपासणीचा दिवस होता.

* * *

आणि मग अखजी आली. दुपारी आबा स्वतः नाल्यावर हजर झाले. सत्तरीचे, भारदस्त, पांढरंशुभ्र धोतर, पायात कातडी वहाणा. नाल्यापलीकडे त्यांचा मळा होता. बैलगाडीला तिथे जायचं तर लांबून वळसा.

"मले पल्याड मळ्यात नेऊन दे," ते लेकाला म्हणाले. "तुमच्याच कायद्यानं. पाय टेकला तं उद्या मलकापूर."

बाळासाहेबांचा चेहरा उतरला. एकट्याने हा नाला त्यांनी पाय न टेकता पार केला होता तो एकदाच, आणि आता मागे आबा! हवालदाराने कॅरिअरवर गोधडी बांधली. आबा दोन्ही पाय डावीकडे सोडून बसले आणि लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. मी पाटी धरली. 

पहिला धोंडा गेला. दुसरा गेला. रघू डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. तिसऱ्या धोंड्यावर पुढचं चाक घसरलं, इंजिनाने गचका खाल्ला आणि गाडी डावीकडे कलंडली. बाळासाहेबांचा डावा पाय पायदानावरून सुटलाच! पण तो खाली पोचायच्या आत आबांची वहाण धाडकन धोंड्यावर आपटली. आबांनी असा रेटा दिला की फटफटी सरळ झाली आणि गुरगुरत काठावर चढली.

 बाळासाहेबांनी गाडी थांबवली, पण वळून बघायची त्यांची हिंमत नव्हती. मी धावत काठावर पोचलो आणि हवालदाराकडे पाहिलं. तो प्रामाणिक माणूस. खाली बघत म्हणाला, "पलटनीत मांगं बसनाऱ्याचा पाय बी मोजत होते, मास्तर."

मी पाटीवर खडू टेकवला. मला रडू येत होतं, पण मार्क तर कापावाच लागणार होता. चाळिशीला आलेले बाळासाहेब हँडल घट्ट धरून तसेच बसले होते.

आबा खाली उतरले. धोतर झटकलं. माझ्याजवळ येऊन पाटीवर वाकले.

"मास्तर, पाय कोनाचा टेकला?"

"तुमचा, आबा."

"मंग माह्या नावावर लिहा आन् माहे मार्क कापा. पोराचे कायले कापता?"

मी लिहिलं. त्यांनी ते नीट निरखून पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा जाऊन गोधडीवर बसले. लेकाच्या पाठीत एक थाप मारून म्हणाले,

"चाल बे बाळ्या, मळा पाहून घेऊ. वापस बी याच नाल्यातून या लागते!"