नळीचा तुकडा

“थू! ह्याला काय जेवण म्हनायचं?” अक्का ताटावरचं फडकं उचलायची, एक घास घ्यायची आणि बाहेर जाऊन थुंकून यायची. फडक्याखालीही भुसा पोचलेला असायचा.

तुम्ही प्लायवूडचा भुसा खाल्ला नसेल. मी खाल्लाय. बीदरजवळच्या राजेश्वर गावात अक्काच्या नवऱ्याच्या, म्हणजे अण्णाच्या वर्कशॉपात मी पॉलिश करायचो. सागवानाचा भुसा निदान वासाला तरी बरा. सगळं फर्निचर प्लायचं होऊ लागलं आणि तो केमिकलच्या वासाचा पिवळा भुसा चहात, नाकात, माझ्या ओल्या पॉलिशवर बसू लागला.

झाडायची अक्का, त्यामुळे खोकायचीही अक्काच.

अण्णाने भुसा ओढायचं मशीन आणलं, पण आमच्या जुन्या विजेच्या करवतीला त्याची नळी लावायला जागाच नव्हती. त्यात अक्काच्या भावाने मस्कतहून ॲल्युमिनियमची लांब पट्टी आणली. तिच्यावर करवत बसवून ढकलली की काप सरळ जातो. मग पट्टीवर चालणारी नवी करवत घ्यायचं ठरलं.

बीदरला निघताना अक्काने मशीनच्या नळीचा वीतभर तुकडा कापून पिशवीत टाकला. ब्लाउजपीस घ्यायला बायका साडीचा तुकडा नेतात ना, तसा. अण्णाने पट्टी खांद्यावर घेतली, मी त्यांच्या मागून.

दुकानदार मोटरची ताकद सांगत होता. अक्का मात्र करवतीमागून करवत उलटी करून तिच्या भुसा निघायच्या तोंडाला तुकडा लावून बघत होती. “ही बसंना. दुसरी दाखीव.”

एक करवत पट्टीवर बसली, तर तिला नळी बसेना. दुसरीला नळी बसली, तर ती पट्टीवर चढेना. दर कंपनीचं माप वेगळं. गिऱ्हाइकाने सगळं आपल्याकडूनच घ्यावं म्हणून केलेला हलकटपणा आहे हा, दुसरं काही नाही.

“नळीवाली घ्या,” अक्का म्हणाली.

“आन् पट्टी काय चुलीत घालू? तुज्याच भावानं आणली ना?”

“पट्टी दुसरी भेटंल. छाती कुठून आणू?”

“नळीला सायकलची ट्यूब बांधू की. कामून येवढं करायलीस?”

अण्णाने पट्टीवाली घेतली.

काप देखणा पडायचा. शेजारच्या कोहिनूर गावाहून सुतार बघायला यायचे. ट्यूब मात्र सारखी सुटायची. शेवटी अक्काच नळी हाताने करवतीला धरून, नाकाला पदर लावून, वाकून तिच्याबरोबर चालायची. “बगा, मीच झाले ट्यूब,” म्हणून हसायची आणि हसता हसता खोकायची. खोकल्यातून पडलेल्या बेडक्यावर पायानेच भुसा लोटायची. मला तिची नव्हे, त्या देखण्या कापाची किळस यायची.

पुढे अक्का अंथरुणाला खिळली, आणि एका हिवाळ्यात गेली.

वर्षभराने अण्णा मला घेऊन त्याच दुकानात गेला. करवत जळाली होती. दुकानदार पुन्हा मोटरची ताकद सांगू लागला. अण्णाने खिशातून तो नळीचा तुकडा काढला.

“आदी ह्ये बसतंय का बगा.”

बसला. अगदी घट्ट.

“बसला की रं,” अण्णा माझ्याकडे बघून म्हणाला. मी दुकानाबाहेर गेलो आणि थुंकलो.