आधी कल्ले उघडून बघ

गिऱ्हाईक आलं की ती कोळीण भाव सांगायची नाही. अंगठ्याने माशाचे कल्ले उघडायची आणि म्हणायची, "आदी बग. मंग घे."

कोलशेतला तुम्ही मासळी घेतली असेल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. माझ्या सायकल-पंक्चरच्या दुकानाला लागून, बायकांच्या हॉस्पिटलच्या फाटकासमोर तिचा पाट. ती जागा तिने धंद्यासाठी निवडलेली नव्हती.

अठ्ठाविसाव्या वर्षी अंगावरून जास्त जातं म्हणून ती त्याच हॉस्पिटलात गेलेली. डॉक्टर म्हणाला, काढून टाकू पिशवी, नाहीतर कॅन्सर होईल. तपासलं काहीच नाही. पिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही काढली. मूल नव्हतं, ते कायमचंच राहून गेलं. चाळिशीत हाडं म्हातारीची झाली. मग ती समोर येऊन बसली ती बसलीच. रोज संध्याकाळी टोपलीखालचं मासळीचं पाणी फाटकात ओतायची आणि मगच घरी जायची. डॉक्टरने वॉचमन पाठवला, पालिकेची गाडी बोलावली. दोन दिवसांनी ही परत पाटावर.

बाहेर येणाऱ्या बाईला हाक ठरलेली.

"काय गो, काय बोलला?"

"पिशवी काढायची म्हणतात."

"सोनोग्राफी केली? गोळ्या दिल्या? दुसऱ्या डॉक्टरला दावलं?"

"नाही."

"बोयटं घेताना कल्ले बगतेस, आन् सोताचं पोट न बगता देतेस?"

अशा बायकांना ती ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवायची. एकीच्या तपासणीत खरंच कॅन्सर निघाला, तेव्हा मात्र हिनेच तिला रिक्षात बसवलं. "तुजी काढायचीच हाय. रडू नको, जा."

एकदा डॉक्टरची बायको पापलेट घ्यायला आली. एकेक मासा उलटापालटा करून बघत होती. ही मोठ्याने म्हणाली, "बाय, तू किती बगून घेतेस गो! जरा नवऱ्याला शिकव." अख्खा रस्ता हसला. मी हसलो नाही.

कारण माझ्या बायकोची पिशवी त्याच डॉक्टरने काढलेली, आणि कागदावर सही माझी होती. मी चौथी नापास, पण सही झोकदार करतो. अंगठा लावणाऱ्यांतला मी नाही. कागदात काय आहे ते विचारलं असतं तर वाचता येत नाही हे कळलं असतं. म्हणून विचारलं नाही. बायको आजही थंडीत पंखा लावून घामाघूम बसते. हे कळल्यावर कोळीण म्हणाली होती, "सही झकास हाय रं दादा तुजी." मी वर्षभर तिच्याशी बोललो नाही.

मग सुनेला तोच त्रास झाला. तोच डॉक्टर, तेच बोलणं, तोच कागद. मुलगा कामावर, म्हणून सहीला मी. मी पेन काढलं आणि हात पुढे जाईना. तसाच उठून बाहेर आलो. पाटासमोर उभा राहिलो. मान खाली घालणं मला येत नाही, तरी घातली.

"सुनेला नेशील का त्या डॉक्टरीणबाईंकडे?"

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "आदी पेन खिशात ठेव."

त्याच सकाळी टोपली झाकून ती सुनेबरोबर गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, गाठ आहे पण लहान, कॅन्सरबिन्सर नाही. आधी गोळ्या दिल्या. त्याने भागेना तेव्हा पिशवीत औषधाची तांबी बसवली. गाठ वाढली तर तेवढी गाठच काढू, पिशवीला हात लावायची गरज नाही, म्हणाल्या. चार-सहा महिन्यांत सून पहिल्यासारखी हिंडूफिरू लागली.

गेल्या वर्षी कोळीण नुसती उंबऱ्यावर अडखळली आणि खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणातून उठलीच नाही. पोखरलेलं हाड, दुसरं काय होणार? तिला कुणी पोखरलं ते मला माहीत आहे, आणि मी ते विसरणारा माणूस नाही.

तिचा पाट आता माझ्या दुकानात आहे. त्यावर बसून मी बाहेर येणाऱ्या बायकांना तिचेच प्रश्न विचारतो. काही हसतात, काही शिव्या घालतात, काही थांबतात. संध्याकाळी ट्यूब तपासायच्या घमेल्यातलं काळं पाणी उचलतो आणि फाटकात ओततो.

परवा डॉक्टरने गाडीची काच खाली केली. "बाबा, ती गेली ना? आता तुम्ही हे काय करताय?"

मी घमेलं पूर्ण उपडं केलं. म्हटलं, "सही."